गुरुवारी चारची जागा

सकाळी ६:२०

चहाचं आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत कामाच्या फोनवरचे निरोप ऐकायचे, हा माझा अकरा वर्षांचा शिरस्ता. न्यू जर्सीत एडिसनला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. पाटीवर नावापुढे एल.सी.एस.डब्ल्यू. अशी अक्षरं आहेत, म्हणजे लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर. मराठी माणसं ती वाचून थबकतात. सोशल वर्कर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वस्तीत काम करणारी, खांद्याला शबनम अडकवलेली बाई येते, आणि त्यांना तर मनाचा डॉक्टर हवा असतो. अमेरिकेत मात्र मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणाऱ्यांत सगळ्यात मोठी संख्या आम्हा सोशल वर्करांचीच आहे. आम्ही निदान करतो, थेरपी देतो. औषधं लिहून देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्टकडे पाठवतो.

आज तीन निरोप आहेत. दोन इंग्रजीत, नाव, नंबर, विमा असं सगळं नीट सांगणारे. तिसरा रात्री ११:४० चा. आधी काही सेकंद नुसता स्वयंपाकघरातल्या पंख्याचा आवाज. मग दबक्या स्वरात, “तुम्ही मराठी बोलता ना? उद्या दहानंतर फोन केलात तर बरं होईल. मेसेज नका ठेवू प्लीज.” नाव नाही. नंबर स्क्रीनवर आहे तेवढाच.

वेळेच्या वहीत १०:१० ला खूण केली. (इथे येणाऱ्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत, काही ठिकाणी दोघातिघांचे एकत्र केले आहेत.)

६:४५

पुण्याहून फोन. तिकडे सव्वाचार वाजलेत. ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर मिळवलेल्या एक बाई. मुलगा डॅलसला एम.एस. करतोय, दोन महिन्यांपासून फोनवर धड बोलत नाही. “ताई, तुम्ही त्याच्याशी व्हिडिओवर मराठीतून बोला ना. पैशांचं काही नाही, आम्ही इथून पाठवू.”

हे मला महिन्यातून दोनतीनदा समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी जड जातं. इथलं लायसन्स राज्याचं असतं. सेशनच्या वेळी समोरचा माणूस ज्या राज्यात बसला असेल, त्या राज्याचं लायसन्स लागतं. माझं न्यू जर्सीचं आहे, टेक्सासमधल्या मुलाला मी क्लायंट म्हणून घेऊ शकत नाही. पण त्याच्या विद्यापीठात काउन्सेलिंग सेंटर असणारच आणि बहुतेक ठिकाणी त्याचा खर्च फीमध्येच धरलेला असतो. मुलाने स्वतः फोन करायला हवा, हे त्यांना पटेना. “तो नाही करणार हो.” मग मी विचारलं, तो जीव देण्याबद्दल कधी काही बोललाय का? त्या दचकल्या. नाही म्हणाल्या. तसं कधी वाटलं तर ९८८ हा नंबर अमेरिकेत कुठूनही, रात्री-अपरात्री लागतो, हे त्यांना लिहून घ्यायला लावलं. २०२२ च्या जुलैत तो देशभर सुरू झाला. आईने मुलाला नुसता तो नंबर पाठवला तरी ते एक बोलणं होतं.

फोन ठेवता ठेवता विचारलं, “आणि तुम्हाला झोप लागते का?” पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. महिनाभर धड झोप नव्हती. त्यांच्यासाठी टेली-मानस या भारतातल्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ दिला, तिथे मराठीतून बोलता येतं. पुण्यात प्रत्यक्ष कुणाला भेटायचं तर काय विचारायचं तेही सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर कोण याची व्याख्या आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर याच विषयातलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. मी स्वतः कर्वे समाजसेवा संस्थेतून एम.एस.डब्ल्यू. करून बाहेर पडले तेव्हा यातलं काही नव्हतं. नंतर २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत क्लिनिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर ही नावं आली, तेव्हा मला इथे बसून भरून आलं होतं. “शिक्षण काय झालंय, नोंदणी कुठे आहे, हे विचारायला लाजू नका,” असं मी त्यांना म्हटलं. “पण असं विचारलेलं बरं दिसतं का?” दिसतं. सोनाराला हॉलमार्क विचारतोच की आपण.

८:००

पहिलं सेशन, व्हिडिओवर. पंचेचाळिशीचे गृहस्थ, मेट्रोपार्क स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतात, मग न्यूयॉर्कची गाडी पकडतात. घरी बोलायला आडोसा नाही, ऑफिसात शक्य नाही. दर वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला, “आत्ता कुठे आहात?” ते हसून फोन फिरवतात आणि काँक्रीटचा खांब दाखवतात. हडसन नदीच्या अलीकडे आहेत तोवर ठीक. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये पाऊल पडलं की मला सेशन घेता येत नाही.

हे गृहस्थ पहिल्या भेटीला आले तेव्हा सोबत एक्सेलचा तक्ता घेऊन आले होते. आयटीतला माणूस. विमा कंपनीने ‘तुमच्या भागातले थेरपिस्ट’ म्हणून दिलेल्या यादीतली २२ नावं. त्यांनी एकेकाला फोन लावून शेरे लिहिले होते. ६ नंबर बंद. ९ जणांनी उलट फोनच केला नाही. ४ जणांकडे जागा नाही. २ जणांनी तो विमा घेणं सोडून दिलं होतं. आणि शेवटच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘वारले’. तिथे फोन त्या थेरपिस्टच्या पत्नीने उचलला होता आणि ह्यांनी तिची माफी मागितली होती. मी त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये असूनही माझं नाव त्या यादीत नव्हतंच. त्यांना माझा पत्ता मिळाला तो मुलाच्या बालरोगतज्ज्ञाकडून.

अशा याद्यांना इथे भुतांची नेटवर्क म्हणतात. २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीच्या कर्मचाऱ्यांनी गुपचूप १२० नोंदींवर फोन करून पाहिले. त्या वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनांच्या याद्या होत्या. भेटीची वेळ मिळाली ती शेकडा १८ ठिकाणी. त्या आकड्याआड काय असतं ते मला त्या तक्त्यात दिसलं. उदास माणसाला एक फोन करायला दोन दिवस बळ गोळा करावं लागतं. असे २२ फोन. सातव्या-आठव्या फोनला माणसाला वाटायला लागतं की चूक आपलीच आहे, आपल्यालाच मदत मिळायची नाहीये. २००८ च्या कायद्याप्रमाणे मनाच्या आजाराचा विमा शरीराच्या आजारापेक्षा तोकडा ठेवता येत नाही, पण कागदावरचं संरक्षण घ्यायला फोनच्या पलीकडे कुणी तरी असावं लागतं. मला याचा राग येतो आणि तो येत राहावा असंच वाटतं.

९:१०

टिपणं, विम्याचे कोड, एक पत्र. एका क्लायंटचा डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायचा वाटा, संपला नसल्याने कोपेच्या ठरावीक रकमेऐवजी पूर्ण रक्कम भरायची आली, त्यावर पाऊण तास गेला.

१०:१०

फोन दुसऱ्या रिंगला उचलला.

“काल रात्री तुम्ही निरोप ठेवला होता. आत्ता मोकळेपणी बोलता येईल का? जवळपास कुणी आहे?”

“नाही. मुलगी शाळेत गेली, हे ऑफिसला.” मग थोडं थांबून, “मला खरं तर काही झालेलं नाहीये.”

बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. मी गप्प राहते.

पुण्यात नऊ वर्षं नोकरी, टीम लीड होती. लग्नानंतर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर इथे. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळतो, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीनकार्डची फाइल एका टप्प्यापर्यंत सरकावी लागते, ती सरकलेली नाही. चार वर्षं झाली. “सकाळी डबे भरून झाले की घर खायला उठतं. परवा भांडी घासायला उभी राहिले आणि किती वेळ गेला कळलंच नाही, नळ तसाच चालू. पाणी सिंकमधून खाली आलं, पाय ओले झाले तेव्हा समजलं.” आणि मग तो शब्द आला, “घुसमट होते हो.”

झोप, भूक, रडू याबद्दल विचारलं. मग थेट विचारलं, मरून जावं असं वाटतं का? हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं की श्वास सुटतो. “मरावंसं नाही. पण झोपले की उठूच नये असं वाटतं कधीकधी.” काही करायचं मनात आलंय का, काही जमवून ठेवलंय का? नाही. ९८८ दिला. घरात कुणाची भीती वाटते का, हात उगारला जातो का, हेही विचारलं, कारण ‘मेसेज ठेवू नका’ या वाक्याचे अनेक अर्थ असतात. तसं असतं तर आधी ‘मनवी’चं नाव सांगितलं असतं. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ती संस्था न्यू जर्सीत १९८५ पासून उभी आहे. पण तसं नव्हतं. नवरा चांगला आहे, त्याला उगीच टेन्शन नको, एवढंच.

मग ती म्हणाली, “आपण भेटलोय एकदा. गणपतीत. तुम्ही मोदक वाढत होतात, मी शेजारीच होते. आमचे हे आणि तुमचे मिस्टर एकाच ढोल पथकात आहेत.”

मला ती आठवली. निळी साडी. मोदकावर तूप घालताना माझा हात थरथरला तेव्हा तिने वाटी धरली होती.

आता तिला सांगणं भाग होतं की मी तिची थेरपिस्ट होऊ शकत नाही. आमच्या नीतिनियमांत दुहेरी नात्याला मनाई आहे ती याचसाठी. शनिवारी माझ्या घरी पथकाची मंडळी चहाला बसतील, त्यात तिचा नवरा असेल, आणि त्याच्याबद्दल ती मला काय काय सांगून बसलेली असेल. ती मोकळं बोलू शकणार नाही. मीही मोकळेपणी ऐकू शकणार नाही. मराठी बोलणारी थेरपिस्ट म्हणून माझ्याकडे फोन येतात, आणि मराठी मंडळात माझी ऊठबस आहे म्हणून त्यांतल्या कित्येकांना मला नाही म्हणावं लागतं.

पलीकडे शांतता. मग, “तुम्हाला फोन करायला मला तीन आठवडे लागले. आता परत पहिल्यापासून?”

“तुम्ही नाही शोधायचं. मी शोधते. सव्वादोनला फोन करू का? मुलगी किती वाजता येते?”

“तीनला.” आणि मग घाईने, “याची कुठे नोंद होते का? ग्रीनकार्डला अडचण…?”

हा प्रश्न आला नाही असा फोन मला आठवत नाही. नुसती थेरपी घेतली म्हणून अर्ज अडत नाही. ग्रीनकार्डच्या वैद्यकीय तपासणीत पाहतात ते मनाच्या आजारापायी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं घडलंय का, ते. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, पण त्या भीतीने चार वर्षं घुसमटू नये. विम्याची गोष्ट मात्र मी लपवली नाही. विमा नवऱ्याच्या नोकरीतला, म्हणजे प्रत्येक सेशननंतर हिशेबाचा कागद त्याच्या नावाने घरी येणार. तो वेगळ्या पत्त्यावर मागवण्यासाठी कंपनीकडे अर्ज करता येतो. विम्याबाहेर पैसे भरायचे तर थेरपिस्टने आधी खर्चाचा अंदाज लेखी द्यावा लागतो, २०२२ पासून तो नियम आहे. नवऱ्याच्या कंपनीतून ई.ए.पी., म्हणजे कर्मचारी सहाय्य योजना, असेल तर काही सेशन फुकट मिळतात आणि कोण गेलं हे कंपनीला कळत नाही. “बघते,” म्हणाली. “ह्यांना सांगायचं की नाही ते बघते.”

११:०० ते १:००

दोन सेशन. त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

१:००

डबा उघडला आणि वही काढली. अप्पा बळवंत चौकातून आणलेली जाड पुठ्ठ्याची फुलस्केप वही. त्यात मध्य न्यू जर्सीतल्या थेरपिस्टांची माझी स्वतःची यादी आहे. रकाने मी पट्टीने आखलेत: नाव, लायसन्स नंबर, भाषा, विमा, कशात हात बसलाय, रिकामी वेळ, कधी विचारलं. शेवटचे दोन रकाने पेन्सिलीने, कारण ते पुसावे लागतात. वहीच्या त्या पानांना खोडरबराने जागोजागी लव आली आहे.

लायसन्स नंबर मी राज्याच्या नोंदवहीत स्वतः तपासते. आमच्याकडे एल.सी.एस.डब्ल्यू.चा नंबर ४४एससी असा सुरू होतो. ४४एसएल असेल तर तो एल.एस.डब्ल्यू., म्हणजे शिक्षण झालंय, पण स्वतंत्रपणे थेरपी करता येत नाही, कुणाच्या तरी देखरेखीखाली करतो. अशा तरुण मुली कधीकधी फार मन लावून काम करतात आणि फीही कमी असते. माणसांना नंबर तपासायचा असतो हेच ठाऊक नसतं, म्हणून मी प्रत्येकाला सांगते.

पहिला फोन: ती आता पेनसिल्व्हेनियाला गेली. खोडलं. दुसरा: जानेवारीपर्यंत जागा नाही. तिसरा: एक गुजराती बाई, हिंदी उत्तम, स्थलांतरित जोडप्यांबरोबर वीस वर्षं काम. विमा जुळतो. नाव न सांगता मी विचारलं, दुपारची वेळ आहे का, मुलगी शाळेत असतानाची? दुपारची नाही, गुरुवारी चारची आहे. मुलीचं काय करायचं? गुरुवारी चार ते पाच मराठी शाळेच्या शिक्षिकांकडे पेटीचा क्लास असतो, हे मला माहीत होतं, माझीही मुलगी जायची. ‘ही जागा दिवसभर धरून ठेवते,’ असं ती गुजराती बाई म्हणाली. थोडी पोळी खाल्ली.

मराठीचं काय, हा प्रश्न माझ्या मनात असतोच. मातृभाषेत रडणं वेगळं, हे मी रोज पाहते. घुसमट, कोंडी, उमाळा, जीव कासावीस होणं यांना इंग्रजीत एकेक शब्द नाही. तरीही मराठी थेरपिस्ट मिळेपर्यंत थांबून राहिलेल्यांचं जे होताना पाहिलंय, त्यावरून मी आता ठामपणे सांगते: आधी दार उघडं असलेलं माणूस गाठा. शब्द मराठीच वापरा आणि समजावून सांगा. जाणकार थेरपिस्ट तो शब्द हातात घेऊन विचारते, म्हणजे नेमकं काय होतं, कुठे होतं, छातीत की घशात? त्या समजावण्यात कधीकधी असं काही बाहेर येतं, जे मराठीत ‘हो, कळलं’ म्हणून तसंच राहिलं असतं.

२:१५

तिला सांगितलं. लिहून घेताना पेन सापडेना, मग तिने मुलीचा क्रेयॉन घेतला. विचारायचे तीन प्रश्नही दिले: नवीन माणसं घेता का, माझा विमा चालतो का, माझ्यासारख्या परिस्थितीतल्या बायकांबरोबर काम केलंय का. पहिली पंधरा मिनिटं फोनवर फुकट बोलणं बरेच जण देतात, तेही मागायचं. आणि दोनतीन भेटींनंतर मन जुळलं नाही तर तसं सांगायचं, थेरपिस्टला वाईट वाटणार नाही.

“हिंदीत घुसमट म्हणजे?” तिने विचारलं.

“घुटन. पण तुम्ही घुसमटच म्हणा.”

ती पहिल्यांदा हसली. “गणपतीत भेटलो तर…?”

“मोदक वाढेन. तुम्ही हाक मारली तर बोलेन. बाकी काहीही झालेलं नाही.”

३:००

सुपरव्हिजन. रटगर्स विद्यापीठातून एम.एस.डब्ल्यू. करून आलेली मुलगी माझ्या हाताखाली क्लायंटबरोबरच्या प्रत्यक्ष कामाचे १९२० तास पुरे करतेय, त्यानंतर क्लिनिकल परीक्षा. मी दिली तेव्हा १७० प्रश्न होते, चार तासांत. त्याआधी माझी पुण्याची पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे हे सिद्ध करण्यात एक अख्खं वर्ष गेलं होतं. तिला घाई आहे, मला समजते.

आज तिला एका गोष्टीवरून बोलले. तिने एका माणसाला ई-मेलने कळवलं होतं, ‘सध्या जागा नाही, सोबत यादी जोडली आहे.’ यादीत १५ नावं. मी विचारलं, यातल्या कुणाला तू फोन केलास? नाही. मग तिला तो एक्सेलचा तक्ता कसा होता ते सांगितलं. आपल्याकडे जागा नसणं हा गुन्हा नाही. पण त्या माणसाने धीर करून आपल्याला फोन केलाय, तर जागा आहे अशी खात्री करून घेतलेलं निदान एक नाव त्याच्या हातात पडलं पाहिजे, त्याला अर्धा तास लागला तरी. ती गोरीमोरी झाली. मग तिथेच बसून तिने सहा फोन लावले आणि सहाव्या वेळी तिला होकार मिळाला.

४:३०

सतरा वर्षांचा मुलगा. बाहेर वडील. सेशननंतर वडील विचारतात, “काय म्हणाला?” न्यू जर्सीत १६ वर्षांवरचं मूल स्वतःच्या संमतीने अशी मदत घेऊ शकतं, आणि ते काय बोललं हे मी सांगू शकत नाही. “त्यालाच विचारा, पण गाडीत नको, जेवताना नको. फिरायला जाल तेव्हा विचारा.” दुसऱ्या एका घरातल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी माझ्याकडे जागा नव्हती. त्यांना राज्याच्या मुलांसाठीच्या वेगळ्या यंत्रणेत फोन लावून दिला. एकविसाव्या वर्षाच्या आतल्या मुलांसाठी ती आहे आणि घरात विमा नाही म्हणून तिथे परत पाठवत नाहीत.

६:००

तीन सेशन, एकामागून एक. ऑक्टोबर असल्याने साडेसहालाच अंधार.

८:५०

घरी निघताना ऑफिसच्या दिव्याखाली फोन पाहिला. त्या गुजराती बाईंचा मेसेज होता, कुणाचंही नाव न घेता: गुरुवारी चारची जागा भरली.

वही काढली, खोडरबर शोधला आणि त्या रकान्यातलं ‘गुरु. ४’ पुसलं.